डब्यातून बाहेर आलेला सिनेमा

एखादा चित्रपट पूर्ण होऊनही लोकांपर्यंत पोचला नाही, की आपल्याकडे 'सिनेमा डब्यात गेला' असं म्हणतात. हा शब्दप्रयोग अगदी शब्दशः खरा आहे. फिल्मची रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत ठेवत, आणि ते डबे गोदामाच्या फळीवर गेले की बहुतेक वेळा तिथेच राहत. आज मी एका जपानी चित्रपटाबद्दल बोलणार आहे. तो वेळेवर पूर्ण झाला, थिएटरात लागलाही, आणि नंतर त्याच्या मालकानेच तो कुणाला दाखवायला नकार दिला. तो डब्यातून बाहेर कसा आला, याची ही हकीकत आहे. तिच्यात कोर्ट आहे, विद्यार्थ्यांचे मोर्चे आहेत, आणि शेवटी आपल्या टीव्हीखालच्या यंत्रात बसणारी एक चकतीही आहे.

चित्रपटाचं नाव 'कोरोशी नो राकुइन'. साल १९६७. 'कोरोशी' म्हणजे हत्या आणि 'राकुइन' म्हणजे तापवलेल्या लोखंडाने उठवलेला डाग, डागणी. बाहेरच्या जगात तो 'ब्रँडेड टू किल' या इंग्रजी नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक सेइजुन सुझुकी, आणि निर्माती कंपनी निक्कात्सू.

हा चित्रपट याकुझांच्या दुनियेतला. याकुझा म्हणजे जपानमधले संघटित गुंड. या शब्दाची गोष्ट मोठी गमतीची आहे. पत्त्यांच्या एका जुन्या जपानी जुगारात आठ, नऊ आणि तीन ही पानं आली, की बेरीज वीस होते आणि शेवटचा आकडा शून्य, म्हणजे हातात काहीच नाही. आठ-नऊ-तीन, या-कु-झा. कवडीमोल हात. समाजाने ज्यांना कवडीमोल ठरवलं, त्यांना हेच नाव पडलं.

१९६०च्या दशकात जपानी पडद्यावर या याकुझांचं राज्य होतं. तोएई या कंपनीचे याकुझापट इमान आणि उपकारांची जाण यांनी ओथंबलेले असत. नायक किमोनो घालणारा, दिलेल्या शब्दासाठी तलवार उपसणारा. निक्कात्सूचा तोंडवळा वेगळा होता. तिचे नायक सूट घालत, गॉगल लावत, जॅझ ऐकत आणि पिस्तूल चालवत. प्रेक्षक शहरी तरुण. त्या काळी जपानमध्ये एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. पहिला मोठ्या ताऱ्याचा, मोठ्या खर्चाचा. दुसरा जोडीला लावलेला, स्वस्तातला. सुझुकी हे या दुसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक. कंपनीने पटकथा द्यायची, नट द्यायचे, आणि यांनी साधारण पंचवीस दिवसांत चित्रीकरण उरकून द्यायचं. महिन्याचा पगार ठरलेला. १९५६ ते १९६७ या बारा वर्षांत त्यांनी असे सुमारे चाळीस चित्रपट केले. थोडक्यात, ते कारखान्यातले कामगारच होते.

सुझुकींचा जन्म १९२३चा, टोकियोतला. घरचा धंदा कापडाचा. ऐन तारुण्यात युद्धात भरती झाले. ज्या जहाजातून चालले होते ते बुडालं, आणि त्यांनी काही तास समुद्रात काढले. युद्धाबद्दल बोलताना ते पुढे म्हणत, की समोर मरण उभं असतानाही माणसाला हसू येतं, कारण जे चाललेलं असतं ते विलक्षण हास्यास्पदही असतं. त्यांच्या गुन्हेगारीपटांतले मृत्यू भयानक आणि विनोदी एकाच वेळी का वाटतात, याचं थोडं उत्तर इथे सापडतं.

तर अशा माणसाला वर्षाला तीन-चार वेळा तीच गोष्ट नव्याने सांगायची होती. टोळी, दगा, सूड, शेवटची हाणामारी. प्रेक्षकांना शेवट पाठ झालेला. मग सुझुकी कंटाळा घालवायला गोष्टीत खोड्या काढू लागले. ताकेओ किमुरा नावाचे कलादिग्दर्शक त्यांना भेटले आणि पडद्यावरचे रंग वेडेवाकडे होऊ लागले. १९६६च्या 'टोकियो ड्रिफ्टर'मध्ये गुंडांचा अड्डा पिवळा, नाइट क्लब पांढराशुभ्र, आणि नायक फिकट निळ्या सुटात गाणं म्हणत मारेकऱ्यांसमोर येतो. कंपनीने डोळे वटारले, समज दिली, पैसे कमी केले. त्यानंतरचे निक्कात्सूतले त्यांचे शेवटचे दोन चित्रपट कृष्णधवल आहेत. 'ब्रँडेड टू किल' त्यांतला दुसरा.

आता गोष्ट ऐका. गोरो हानादा हा धंदेवाईक मारेकरी. त्या दुनियेत मारेकऱ्यांची क्रमवारी लागलेली असते, टेनिसपटूंची लागते तशी, आणि हा तिसऱ्या क्रमांकावर. पहिला क्रमांक कोणाचा, हे कुणालाच ठाऊक नाही. हानादाला एकच व्यसन आहे. शिजत्या भाताचा वास! काम फत्ते झालं की तो घरी येतो, भाताच्या कुकरवर नाक धरतो आणि त्याची तंद्री लागते. भातच का, असं सुझुकींना एका मुलाखतीत विचारलं होतं. ते म्हणाले, हा मारेकरी जपानी आहे म्हणून भात. इटालियन असता तर मॅकरोनी हुंगली असती.

हानादाचं काम करणारा नट जो शिशिदो. या गृहस्थाने १९५७मध्ये शस्त्रक्रिया करून आपले गाल फुगवून घेतले होते. देखणे नायक पुष्कळ होते, त्यांच्यात आपला चेहरा लक्षात राहावा म्हणून. त्या खारीसारख्या गालांमुळे हा मारेकरी क्रूरही दिसतो आणि थोडा विदूषकही.

हानादा एकामागून एक खून करतो, आणि प्रत्येक खुनाची तऱ्हा न्यारी. एका डॉक्टरला तो मारतो ते खालच्या मजल्यावरून, बेसिनच्या पाइपातून वर गोळी झाडून. वर डॉक्टर बेसिनवर वाकलेला असतो. दुसऱ्या एका कामानंतर तो जाहिरातीच्या फुग्यावर बसून पसार होतो. मग त्याच्या आयुष्यात मिसाको येते. मारी आन्नु या अभिनेत्रीने ती साकारली आहे. तिचं घर मेलेल्या फुलपाखरांनी भरलेलं, आणि बोलणं मरणाचं. ती एक काम देते. हानादा दुर्बिणीच्या बंदुकीतून नेम धरतो, आणि नेमक्या क्षणी एक फुलपाखरू भिंगावर येऊन बसतं. नेम चुकतो. भलताच माणूस मरतो.

बस्स, एवढ्याने हानादाचं सगळं बदलतं. चुकलेल्या मारेकऱ्याला क्रमवारीत जागा नाही. त्याच्यावरच डागणी उठते. घरची बायको पिस्तूल रोखते. शेवटी तो पहिल्या क्रमांकाचा मारेकरी समोर येतो आणि याला लगेच मारत नाही. उलट त्याच्याच घरात राहायला येतो. दोघं हातात हात अडकवून झोपतात, जेवायला जातात, एकमेकांवर पाळत ठेवतात. हसावं की घाबरावं कळत नाही. शेवट मी सांगणार नाही. रिकाम्या बॉक्सिंग रिंगणात तो घडतो, एवढंच सांगतो.

ही पटकथा 'हाचिरो गुर्यू' या नावावर आहे. या नावाचा माणूस नव्हताच. सुझुकी आणि त्यांचे मित्र मिळून आठ जणांच्या गटाचं ते टोपणनाव. निक्कात्सूचे अध्यक्ष क्यूसाकु होरी यांनी सुझुकींना सांगितलं होतं, की ही पटकथा कळायला मला ती दोनदा वाचावी लागली. हा 'दोनदा' शब्द कृपा करून लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

१५ जून १९६७ला चित्रपट लागला आणि चालला नाही. असे न चालणारे चित्रपट प्रत्येक कंपनीचे असतात. पण २५ एप्रिल १९६८ला सुझुकींना कंपनीतून फोन आला, की या महिन्याचा पगार मिळणार नाही. त्यांच्या वतीने मित्र भेटायला गेले तेव्हा होरींनी सांगितलं, की सुझुकींचे चित्रपट कुणाला समजत नाहीत, त्यांना पैसाही मिळत नाही, आणि आता त्यांनी दिग्दर्शन सोडून द्यावं हे बरं. बारा वर्षांच्या नोकरीचा निकाल असा लागला.

त्याच सुमाराला टोकियोतल्या एका फिल्म क्लबने सुझुकींच्या ३७ चित्रपटांचा महोत्सव ठरवला होता. होरींनी प्रिंट द्यायला साफ नकार दिला. न समजणाऱ्या चित्रपटांचा महोत्सव झाला तर कंपनीची अब्रू जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे माणूस नोकरीतून गेला आणि त्याचं काम डब्यात.

कायद्याने पाहिलं तर चित्रपट कंपनीच्या मालकीचे होते. माल तिचा, गोदाम तिचं, कुलूपही तिचं. ते १९६८ साल होतं आणि जपानमधली विद्यापीठं पेटलेली होती. सुझुकींनी कंपनीवर दावा लावला. दिग्दर्शक, नट आणि पटकथाकार यांच्या संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. विद्यार्थी आणि फिल्म क्लबवाले रस्त्यावर आले. गुंडांच्या मारामारीचे सिनेमे काढणारा, चाळिशी ओलांडलेला एक पगारी दिग्दर्शक अचानक एका चळवळीचं नाव झाला. मोर्च्यातल्या मुलांची मागणी साधी होती. चित्रपट चांगला की वाईट ते आम्ही पाहून ठरवू, पण पाहू तर द्या.

खटला साडेतीन वर्षं चालला. एवढ्या काळात निक्कात्सूचीच आर्थिक घडी विस्कटली, आणि १९७१च्या अखेरीस तिने आपला जुना बाज सोडून कामुक चित्रपटांचा धंदा धरला. त्याच डिसेंबरात तडजोड झाली. सुझुकींना १० लाख येन मिळाले आणि कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. त्यांचे दोन चित्रपट, 'फायटिंग एलेजी' आणि 'ब्रँडेड टू किल', टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या फिल्म सेंटरला देण्यात आले. मागितलेल्या भरपाईच्या मानाने पैसे थोडे होते. पण ज्या चित्रपटामुळे नोकरी गेली, तो आता राष्ट्रीय संग्रहात जमा झाला होता.

याची किंमत सुझुकींनी मोजली. कंपनीला कोर्टात खेचणाऱ्याला दुसरी कंपनी दारात उभं करीना. १९६७ नंतर थेट १९७७पर्यंत त्यांना एकही चित्रपट मिळाला नाही. जाहिराती, टीव्हीची कामं आणि लिखाण यांवर त्यांनी दहा वर्षं काढली. पंचेचाळीस ते पंचावन्न हा दिग्दर्शकाच्या हातात जोर असण्याचा काळ, आणि तो असा गेला. पुढे १९८०मध्ये त्यांनी 'झिगॉयनरवाइझन' केला. तो लावायला थिएटरवाले तयार नव्हते, तर निर्मात्याने हवेने फुगवलेला फिरता तंबू उभारून त्यात दाखवला. त्याच चित्रपटाला जपान अकादमीचा त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

पण आपला विषय 'ब्रँडेड टू किल'. संग्रहालयात गेलेला चित्रपट सुरक्षित असतो, पण तो पाहायला टोकियोत राहावं लागतं आणि खेळाच्या दिवशी मोकळं असावं लागतं. १९९१मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात सुझुकींचे चित्रपट दाखवले गेले, युरोपातले लोक चकित झाले. तरीही महोत्सवाला येणारी माणसं किती? काही हजार. इथे घरगुती व्हिडिओ मदतीला आला.

घरगुती व्हिडिओ हीसुद्धा जपानचीच करामत. सोनीची बेटामॅक्स १९७५ची आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ची. आपल्याकडे कॅसेट भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे पाहण्याचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना ही नावं सांगायला नकोत. जपानमध्ये १९८०च्या दशकात कॅसेटची बाजारपेठ वाढली तशा कंपन्या गोदामातले जुने डबे उघडू लागल्या. तोवर जुना सिनेमा म्हणजे अडगळ होती, आता तो माल झाला. निक्कात्सूनेही 'ब्रँडेड टू किल' कॅसेटवर आणला. जो दाखवायला कंपनीला लाज वाटत होती, तोच आता दुकानात विकायला आला.

कॅसेटची एक अडचण मात्र होती. हा चित्रपट अतिशय रुंद पडद्यासाठी काढलेला आहे. उंची एक, तर रुंदी त्याच्या दुपटीहून जास्त. जुना टीव्ही जवळजवळ चौकोनी. रुंद चित्र चौकोनी पडद्यावर भरायचं, तर दोन्ही बाजू कापाव्या लागतात, आणि हिशेब केलात तर चित्राचे शंभरातले चाळीसहून अधिक भाग जातात. इतर सिनेमांत हे कदाचित खपून जाईल. सुझुकींच्या चित्रात माणूस एका टोकाला उभा असतो आणि बाकीचा सगळा काळा रितेपणा असतो. तो कापला की उरतं काय?

डीव्हीडी आली तेव्हा ही अडचण सुटली. १९९९मध्ये अमेरिकेतल्या क्रायटेरियन या कंपनीने 'ब्रँडेड टू किल' आणि 'टोकियो ड्रिफ्टर' असे दोन्ही चित्रपट डीव्हीडीवर आणले. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण रुंदीचं चित्र, खाली इंग्रजी शब्द, सोबत दिग्दर्शकाची मुलाखत आणि जॉन झॉर्न या संगीतकाराचा लेख. दुसऱ्या खेळाचा, जोडीला लावलेला, स्वस्तातला सिनेमा आता जगातल्या नामांकित दिग्दर्शकांच्या चित्रपटांशेजारी फळीवर बसला.

आणि आता तो 'दोनदा' शब्द. होरी म्हणाले होते, पटकथा दोनदा वाचावी लागली. १९६७चा प्रेक्षक तिकीट काढून बसायचा, एकदा पाहायचा आणि घरी जायचा. त्याला दुसऱ्यांदा पाहायची सोय नव्हती. आठवड्याभरात चित्रपट उतरायचा. अशा एकदाच्या पाहण्यात हा चित्रपट गोंधळाचा वाटतो हे खरंच आहे. कारण सुझुकी मधले दुवे काढून टाकतात. माणूस जिना चढताना, दार उघडताना, गाडीतून उतरताना आपण सिनेमात नेहमी पाहतो. ती चित्रं आपल्याला जागा आणि वेळ सांगतात. सुझुकी ती गाळतात. हानादा इथे होता, एकदम तिथे आहे. रात्र होती, दिवस झाला. नेहमीच्या गोष्टीचा शेवट प्रेक्षकाला पाठच आहे, तर मधल्या पायऱ्या कशाला दाखवायच्या, असा त्यांचा रोकडा विचार.

घरी डीव्हीडी लावणारा माणूस मात्र थांबू शकतो, मागे जाऊ शकतो. पाइपातल्या गोळीचा प्रसंग पुन्हा लावून बघा. सुझुकी एकही आवश्यक चित्र गाळत नाहीत. पाइप, बेसिन, वाकलेला डॉक्टर, सगळं जागच्या जागी आहे. गाळलंय ते फक्त आपण सवयीने मागतो ते. दुसऱ्या खेपेला गोंधळ ओसरतो आणि आपण चक्क हसायला लागतो. समजत नाही असा जो शिक्का या चित्रपटावर बसला होता, त्याचा मोठा भाग चित्रपटाचा नव्हता, एकदाच पाहण्याच्या रीतीचा होता. पुन्हा पाहण्याची सोय सामान्य माणसाच्या हातात आली आणि शिक्का पुसट होऊ लागला.

अमेरिकन दिग्दर्शक जिम जार्मुश यांनी १९९९च्या 'घोस्ट डॉग'मध्ये पाइपातून गोळी झाडण्याचा तो प्रसंग उघडपणे, सलाम म्हणून, पुन्हा चित्रित केला. भिंगावर बसणाऱ्या फुलपाखराच्या जागी तिथे पक्षी आहे. २००१मध्ये सुझुकींनी स्वतः 'पिस्तूल ऑपेरा' नावाने याच गोष्टीचा सैलसा पुढचा भाग केला, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. डीव्हीडीने हा चित्रपट वाचवला असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं. चकतीवर यायला आधी कुठेतरी मूळ फिल्म नीट असावी लागते. आणि ती बाहेर काढावी असं कुणाला वाटायला, या नावाची आठवण जिवंत असावी लागते. ती आठवण ठेवली ती १९६८च्या पोरांनी आणि साडेतीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या त्या माणसाने. मुकाट्याने राजीनामा देऊन ते घरी बसले असते, तर चाळीस स्वस्त चित्रपटांचा एक दिग्दर्शक म्हणून ते विसरले गेले असते, आणि पुढे क्रायटेरियनला हे नाव कुणी सांगितलं असतं?

दुसरंही एक. घरात एकट्याने, थांबवून थांबवून पाहिलेला सिनेमा थोडा प्रयोगशाळेतल्या नमुन्यासारखा होतो. सुझुकींनी तो अभ्यासकांसाठी केला नव्हता. आपण कलाकृती निर्माण केली असं ते कधी म्हणत नसत. लोकांची करमणूक करणं हे आपलं काम, असं ते सांगत. तेव्हा पहिल्यांदा पाहताना रिमोट बाजूला ठेवावा. अंधार करावा, चार माणसं सोबत असावीत, आणि सलग ९१ मिनिटं पाहावा. गोंधळलात तर गोंधळा. रिमोट दुसऱ्या खेपेसाठी.

सुझुकी १३ फेब्रुवारी २०१७ला गेले. ९३ वर्षांचे होते. जो शिशिदो जानेवारी २०२०मध्ये गेले. पुढची गोष्ट या दोघांनाही पाहता आली नाही. २०२२मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात जुन्या, नव्याने दुरुस्त केलेल्या चित्रपटांच्या विभागात 'ब्रँडेड टू किल' दाखवला गेला, आणि उत्कृष्ट पुनर्संस्करणाचा पुरस्कार त्याला मिळाला. ही दुरुस्ती जपान फाउंडेशनच्या साथीने केली होती निक्कात्सूने. हो, त्याच कंपनीने! २०२३मध्ये ती नवी आवृत्ती अधिक स्पष्ट चित्राच्या ४-के चकतीवरही आली.

हा चित्रपट दाखवला तर आपली अब्रू जाईल, असं १९६८मध्ये त्या कंपनीचे अध्यक्ष म्हणाले होते. ५४ वर्षांनी त्याच चित्रपटाने कंपनीला व्हेनिसमध्ये मान मिळवून दिला. मधल्या काळात चित्रपटातलं एकही चित्र बदललेलं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)